लक्ष्मीच्या पायाची टाइल

रिठद
ता. १६ जानेवारी २०२५

देवकाबाईले पंचफुलाचा रामराम, अन् तुमच्या घरच्या लहानमोठ्या सगळ्यायले आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नका, कोनी मेलं नाई. घरी फोन असून पत्र काहून धाडलं म्हनसान, तं ऐका. आमच्याकडं फोन माह्या सुनेजवळ, वैजयंतीजवळ. मी बोलाले घेतला की ते स्पीकर दाबते, सारं घर भोवताल बसते अन् मधातच मले शिकवते, हे सांगा, ते नोका सांगू. तुमच्याकडं फोन तुमच्या लेकाजवळ, नथ्थूजीजवळ. दोन म्हाताऱ्यायनं मनातलं बोलावं तं कसं? मी चौथीपर्यंत शाळेत गेलती. अक्षर कोंबडी चालल्यावानी हाय, पन येते. तुमाले वाचता येत नाई हे मले ठाऊक हाय, वाचनारी तुमची नात राधिकाच असनार. तं राधिका बाई, जिथं मी कंसात लेहीन तेवढं मनातल्या मनात वाचजो. (जमते ना?)

माह्या नातवाले, पवनले, तुमी राधिकासाठी कुंकू लावून गेले तवापासून मी गावात बिनकामाची फिरून राह्यली. कोनी इचारावं, काय म्हंते नातसून, अन् मी सांगावं. इचारलं नाई तरी सांगून राह्यली. काल पिठाच्या गिरनीवर एका अनोळखी मानसाले सांगितलं, थो दळन इसरून गेला.

आता मुद्द्याची गोष्ट. नथ्थूजीनं त्या दिवशी जाता जाता उंबऱ्यात उभं राहून बुटाच्या टोकानं आमची जमीन टोकरली अन् म्हनलं, "भिती पक्क्या अन् खाली शेन. आमची पोरगी सारवनार नाई. टाइल बसवा, मंग मी घर पाहाले येतो, मंग तारीख काढू." म्हंजे टाइल नाई तं तारीख नाई. माह्या लेकानं, मुन्नानं, दुसऱ्याच दिवशी जीप सांगितली अन् सारं घर टाइल पाहाले वाशीमले गेलं.

दुकान कसलं बाई, देऊळच. चपला बाहेर काढा लागल्या. आतला पोट्टा एकेक टाइल अशी दाखवून राह्यला जसे लग्नाच्या पोरीचे फोटो. मुन्नाले पाह्यजे दवाखान्यासारखी पांढरी, तोंड दिसलं पाह्यजे म्हंते. वैजयंतीले पाह्यजे तिच्या रिसोडच्या बहिनीकडं हाय तशीच, फक्त तिच्यापेक्षा बोटभर मोठी. पवनले लाकडाच्या रंगाची. मी म्हनलं, लाकूड पाह्यजे तं गोठ्यात मोडका नांगर पडला हाय, थो आंथर. आमच्या मालकायनं, म्हंजे नानाजीनं, दुकानदाराले एकच इचारलं, तंबाखूचा डाग कोनत्या टाइलीवर दिसत नाई? दुकानदारानं त्यायले खुर्ची देल्ली, अन् मंग कोनी त्यायच्याकडं पाह्यलंच नाई.

एका खोलीत पाहतो तं खाली पानी, पान्यात लाल मासोळ्या. मी लुगडं घोट्याच्या वर घेतलं अन् भितीले धरून चालली. टाइल होती ते! सारे हासले, वैजयंती लाजेनं लाल झाली. मी म्हनलं, मले काहून हासता, घरात बुडाले होते अशी फरशी ज्यानं बनवली त्याले हासा.

चार मानसं, चार टाइली, हातात काहीच नाई, असे वापस आलो. तुमच्याकडं टाइल हाय म्हनतात. काय नमुना हाय कळवा. नथ्थूजीले आवडीन तेच बसवू. (राधिका, तुले काय आवडते तेबी लेह.)

तुमची पंचफुला


आसेगाव
२७ जानेवारी २०२५

पंचफुलाबाईले देवकाचा रामराम. मी सांगून राह्यली अन् राधिका लेहून राह्यली.

पत्र भेटलं, मन भरलं. नमुन्याचं इचारलं, तं सांगतो. नथ्थू टाइलीबाबत लय कडक. त्याच्या फोनमंधी दिशा दाखवनारा काटा हाय. कोनाचं घर पाहाले गेला की पयले काटा काढते, मंग पानी पेते. मंगरुळचं स्थळ त्यानं न्हानीचं तोंड पाहून मोडलं. पोरगा सोन्यासारखा होता.

(पोरगा सोन्यासारखा नव्हता. राधिका.)

आमच्या दारात लक्ष्मीच्या पायाची टाइल हाय. कुंकवाचे दोन पाय, भोवताल कमळं. नथ्थूनं स्वता अकोल्याहून आनली. तुमीबी दारात तशीच बसवा, मंग त्याचं मन भरीन, बाकी घरात काही का असंना. आमची टाइल पोरगी पाहाले आलेल्या तुमच्या मानसायले दिसली नसन, तिच्यावर सोफा हाय. दारात सोफा काहून ठेवला इचारू नका. जागा कमी हाय.

तब्येतीले जपा. गुडघ्याले तेल लावत जा.

देवकाबाई

(आजी, हे खालचं माझं. टाइलची अट माझी नव्हती, बाबांची होती. मला सारवता येतं, आवडतंही. आमच्याकडे आता सारवायला काही उरलंच नाही, तुळशीपुढचा तुकडासुद्धा बाबांनी टाइलखाली घातला. तुमच्याकडे एखादी पडवी तशीच ठेवता आली तर ठेवा, पण माझं नाव सांगू नका. आणि मला लाकडाच्या रंगाची आवडते. तेही सांगू नका.)


रिठद
ता. १९ फेब्रुवारी २०२५

देवकाबाईले पंचफुलाचा रामराम.

उत्तराले उशीर झाला, कारन घरात बसाले जागा नव्हती. टाइल बसली! शेवटी एकमत असं झालं की एकमत करायचंच नाई. बैठकीत मुन्नाची पांढरी, सैपाकघरात वैजयंतीची, पवनच्या खोलीत लाकडाची (राधिका, मी काही बोलली नाई), अन् मधल्या खोलीत नानाजीची तंबाखूच्या रंगाची. आता एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलं की गाव बदलल्यावानी वाटते.

मंग नवीन भांडन निघालं, टाइल सरळ बसवाची का तिरपी. मिस्त्री गोविंदसिंग म्हने, तिरपी बसवली तं कोपऱ्यात तुकडे कापा लागतीन. वैजयंती म्हने, बहिनीकडं सरळ हाय म्हनून आपल्याकडं तिरपी. मुन्ना म्हने, तिरपी पाह्यली की मले गरगरते. दोन दिवस मिस्त्री दोरी धरून नुसता उभा. समोरच्या घरची बेबीबाई रोज येऊन दोरी पाहून जाये. तिच्या घरी अजून शेनच हाय, पन टाइलीतलं तिले सगळं कळते. ते म्हने, अर्धी सरळ करा, अर्धी तिरपी. तिचं कोनी ऐकलं नाई, तरी सैपाकघरात तसंच झालं, कारन मधातच वैजयंतीचं मन बदललं.

ओल्या टाइलीवर पाय द्याचा नाई म्हनून पुढचं दार बंद, आडवी फळी ठोकलेली. तवापासून आमी सारे मांगच्या दारानं, गोठ्यातून येऊन जाऊन राह्यलो. पाहुने, दूधवाला, पोस्टमन, सारे म्हशीच्या आंगाले घासून येतात. वैजयंतीच्या भिशीच्या बायका आल्या, त्या भारी लुगडे सावरत शेनातून आल्या. वैजयंती मले म्हने, आत्याबाई, माही इज्जत गेली. मी म्हनलं, आली कुठून ते पाह्य, गेली कुठं ते मंग पाहू.

अन् आता खास गोष्ट. तुमी सांगितली तशी लक्ष्मीच्या पायाची टाइल मुन्नानं वाशीमहून आनली. शेवटची एकच होती दुकानात. दाराच्या आतल्या अंगानं मधोमध बसवाची. मिस्त्रीनं इचारलं, पाय कोनीकडून कोनीकडं पाह्यजे? मुन्ना फोनवर, वैजयंती सैपाकघरात तिरपं पाहून राह्यली. तवाच नानाजी गोठ्यातून, मधल्या खोलीतून बैठकीत आले. त्यायनं मिस्त्रीले सांगितलं, "मानूस घरात येते तशे बसव. आमी कशे येऊन राह्यलो, पाह्य ना समोर." मिस्त्रीनं मान हालवली अन् रबरी हातोड्यानं टकटक करून टाइल बसवली. वरून ओलं पोतं झाकलं, पक्कं झाल्यावर काढू. टाइलीच्या कामात नानाजी एकदाच बोलले, पन कामाचं बोलले. रात्री मी त्यायले दोन भाकरी जास्त वाढल्या.

मांगची पडवी वाचवली. मुन्नाले सांगितलं, टाइलीवर वासरू घसरीन, पाय मोडीन, पाप लागीन. वासराच्या नावावर पडवी राह्यली. (तुहं नाव काढलं नाई.)

नथ्थूजीले सांगा, कवाबी या.

पंचफुला


आसेगाव
२५ फेब्रुवारी २०२५

पंचफुलाबाईले रामराम.

नथ्थू येत्या नऊ तारखेले, रविवारी, येऊन राह्यला. होळीच्या आंधी पाहून घेतो म्हंते. पायाची टाइल बसवली म्हनून सांगितलं तं खूश झाला. दारातच उभं राहून पयले तेच पाहीन म्हंते. मंग पानी. तुमी पानी थंड ठेवजा.

देवकाबाई

(आजी, तुमचं पत्र मी आजीला वाचून दाखवलं, मग पुन्हा एकटीनं वाचलं. एक विचारते, रागावू नका. नानाजी त्या वेळी बैठकीत कुठून आले होते? गोठ्यातून ना? मग पुढच्या दारात बाहेरून उभं राहा आणि पोतं काढून पाहा. मला उगाच भीती वाटते आहे असं कळवा. राधिका.)


रिठद
ता. १ मार्च २०२५

देवकाबाई, अन् राधिका, हे सारं पत्रच कंसात समज. आजीले वाचून दाखवाचं का नाई ते तूच ठरव.

पोतं काढलं. पुढच्या दारात उभी राह्यली. टाचा माह्याकडं पाह्यजे होत्या, तं बोटं माह्याकडं. लक्ष्मी मधल्या खोलीतून निंघून, बैठकीतून, सरळ दाराच्या बाहेर चालली. मिस्त्रीले बलावलं. थो म्हने, मी तं म्हाताऱ्यानं सांगितलं तशेच बसवले. मानूस येते तशे. नानाजी म्हनतात, मी बरोबरच सांगितलं, आमी येतच होतो. दोघंबी खरं बोलतात, म्हनून कोनाले शिव्या द्याव्या तेच समजून नाई राह्यलं.

अन् हे लक्ष्मी जाते कुठं? गल्ली ओलांडली की समोर बेबीबाईचं दार. बेबीबाईनं आल्या आल्या पाह्यलं. तोंडानं अरेरे केलं, अन् घरी जाऊन अंगन सारवलं, रांगोळी घातली, अन् आता रोज दिवेलागनीले दोन्ही फळ्या सताड उघडून दारात बसते. येनाऱ्या जानाऱ्याले म्हंते, बसली हाव सहजच.

मुन्नानं दुकानात फोन केला, हा नमुना बंद झाला म्हंते. फोडावी तं बाजूच्या टाइली फुटतीन अन् त्याबी बंद झाल्या. वैजयंतीनं पायपुसनं टाकलं, तं जे येते ते पायपुसनं उचलून पाहून जाते, गावभर झालं हाय. सोयाबीनचा भाव पडला. साऱ्या जिल्ह्याचा पडला, पन मुन्ना म्हंते आपला टाइलीनं पडला. कोंबडी अंड्यावर बसत नाई, टाइल. बल्ब गेला, टाइल. नानाजीले शिंक आली तं वैजयंती टाइलीकडं पाहते.

हे सारं मी हासून सोसलं असतं, बाई. पन पवन जेवत नाई. दोन घास खाते अन् दारात जाऊन त्या पायाकडं पाहत उभा राह्यते. नथ्थूजीनं न्हानी पाहून एक सोयरीक मोडली, तं हे पाहून ठेवतीन काय? वैजयंती रिसोडहून बहिनीचा सोफा आनून राह्यली. पायावर ठेवू म्हंते, तुमच्याकडं हाय तसा. चालीन का? लवकर कळवा. रविवार जवळ आला.

पंचफुला


आसेगाव
४ मार्च २०२५

पंचफुलाबाई,

राधिकानं मले सारं वाचून दाखवलं. मी पयले हासली, मंग गपचूप झाली, मंग अजून हासली. आता खरं आयका.

आमच्या सोफ्याखाली तेच हाय. नथ्थूनं फोनमंधला काटा लावला अन् मिस्त्रीले सांगितलं, उत्तर कुबेराची, लक्ष्मीचं तोंड उत्तरेले करा. मिस्त्रीनं केलं. आमचं दारच उत्तरेले हाय, हे कोनाच्या ध्यानात आलं नाई. काटा उत्तर दाखवते, दार कुठं हाय ते नाई दाखवत. सिमेंट सुकल्यावर नथ्थू दारात उभा राह्यला तं लक्ष्मी त्याच्याकडंच चालत आली. त्याच दिवशी त्यानं सोफा आनला. तवापासून आमी आंग चोरून घरात येतो, अन् सोफा सरकवाची कोनाची हिंमत नाई.

म्हनून सांगतो, काही करा पन सोफा नका ठेवू. दारात सोफा दिसला की त्याच्याखाली काय असते ते नथ्थूलेच ठाऊक हाय.

देवकाबाई

(आजी, टाइल फोडू नका आणि झाकूही नका. बाबांना काटा फसवतो, माणूस फसवू शकत नाही. मला त्याच घरात यायचं आहे, मग पाय कुणीकडेही असोत. पण हे बाबांसमोर म्हणायची माझी हिंमत नाही. तुमची असेल तर बघा. पवनला म्हणावं, जेव. राधिका.)


रिठद
ता. १० मार्च २०२५

देवकाबाईले पंचफुलाचा रामराम, रामराम, रामराम.

तुमाले नथ्थूजीनं घरी येऊन काय सांगितलं मले ठाऊक नाई. मी सांगतो ते खरं समजा.

शनिवारभर मले चैन नव्हती, तं मी इचार केला नाई, कामच केलं. मांगची पडवी सारवली, रांगोळी काढली, गोठा झाडला, म्हशीचं शिंग पुसलं. सकाळी मुन्नाले म्हनलं, वाड्यातलं मोठं कुलूप आन. पुढचं दार आतून लावलं, कोयंडा घातला, कुलूप ठोकलं अन् चावी कमरीले खोचली. वैजयंती म्हने, आत्याबाई, हे काय? मी म्हनलं, तू चहा ठेव.

अन् मीच गल्लीच्या तोंडावर जाऊन उभी राह्यली. नथ्थूजीची मोटरसायकल आली तशी त्यायले गोठ्याकडं वळवलं. त्यायनं इचारलं, पुढच्या दारानं काहून नाई? मी म्हनलं, पुढच्या दारानं लाइट बिलवाला येते अन् मतं मांगनारे येतात. आमचं सोयाबीन, तूर, दूध, सारं मांगच्या दारानं येते. सोयराबी तिकडूनच येईन.

त्यायनं गोठ्यातच काटा काढला. वर टिनपत्रे, बाजूले ट्रॅक्टर, नांगराचे फाळ, काटा बेलनावानी गरगर फिरून राह्यला. म्हशीनं फोन हुंगला. त्यायनं फोन पुसून खिशात टाकला. पडवीत आले, सारवन पाह्यलं अन् बाई, त्यायनं बूट काढले. कोनी सांगितलं नाई. याच मानसानं बुटाच्या टोकानं आमची जमीन टोकरली होती.

मंग चारी खोल्या फिरले. तिरप्यावर अडले, सैपाकघरात मान वाकडी करून उभे राह्यले, वैजयंतीनं सांगितलं की हे असंच असते. शेवटी बैठकीत आले. पुढं बंद दार, दाराले कुलूप, अन् कुलपाच्या समोर ते पाय, उघडे, हळदकुंकू वाह्यलेले. पवन भितीले चिकटून उभा, मुन्ना छताकडं पाहून राह्यला, नानाजीनं तंबाखू तोंडात तशीच धरली. बाहेरून बेबीबाई खोकलली.

नथ्थूजी उकिडवे बसले. टाइलीवर हात फिरवला. मंग इचारलं, "सोफा नाई तुमच्याकडं?"

मी म्हनलं, "नाई. जे हाय ते उघडं हाय."

"म्हंजे लक्ष्मी गोठ्यातून आली, सारं घर फिरली, अन् इथं?"

"इथं कुलूप."

"चावी?"

मी कमरीले हात लावला. ते माह्याकडं पाहत राह्यले, मी त्यायच्याकडं. मंग ते उठले, धोतर झटकलं, अन् फक्त मलेच आयकू येईन असं म्हनले, "कुलूप लावाचं मले सुचलं नाई."

मंग मोठ्यानं साऱ्यायले म्हनले, दिशा बरोबर हाय. पंचांग आना.

पानी मंग पेले. दोन तांबे.

(राधिका, पवन जेवला. भात संपवून टाकला, आमाले उरला नाई.)

पंचफुला


आसेगाव
१२ मे २०२५

श्रीमती पंचफुलाबाई यांस नथ्थूचा सादर नमस्कार.

राधिका आता तुमच्याकडे असल्याने आईची पत्रे वाचण्याचे व लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. आईने सांगितले तसे लिहितो.

लग्नकार्य तुमच्या आशीर्वादाने नीट पार पडले. पाठवणीच्या वेळी आपण मंडपात होता, म्हणून घरातले आपल्याला माहीत नाही. राधिका निघायला उभी राहिली तेव्हा दारात सोफा आडवा होता. नेहमी आम्ही बाजूने अंग चोरून जातो. पण शालू नेसलेली पोरगी अंग चोरून कशी जाईल? मी सोफा सरकवला. एकट्यानेच. ती त्या पायांवर पाय ठेवत ठेवत बाहेर गेली. तेव्हा मला दिसले, पायांची दिशा जिकडे होती तिकडेच तिला जायचे होते. मिस्त्रीला मी त्या वेळी उगाच बोललो होतो.

सोफा परत लावलेला नाही. आई म्हणते लाव, दार भकास दिसते. भकास दिसते ते सोफा नाही म्हणून नव्हे.

आई विचारते, राधिका कोणत्या दाराने आत आली? मी विचारत नाही, आई विचारते.

नथ्थू


रिठद
ता. २० मे २०२५

देवकाबाईले पंचफुलाचा रामराम, अन् वाचनाऱ्यालेबी.

आता पत्र नथ्थूजी वाचनार म्हनून मी कंस सोडून देल्ले. जे असन ते उघडंच.

कोनत्या दारानं आली इचारता? वरात गल्लीत आली तशी बँडवाले पुढच्या दाराकडं वळले, मी त्यायले गोठ्याकडं वळवलं. ढोलवाल्याचा पाय शेनात गेला तरी त्यानं ताल सोडला नाई. लोकं म्हने, म्हातारीले येड लागलं, नवी नवरी अन् गोठ्यातून? मी म्हनलं, कुलपाची चावी माह्याकडं हाय, जायचं असन तं घ्या मांगून. कोनी मांगितली नाई.

म्हशीनं राधिकाले हुंगलं. पोट्टीनं शालूचा पदर सावरत तिच्या कपाळाले हात लावला, जशी रोजची ओळख. पडवीच्या उंबऱ्यात तांदळाचं माप ठेवलं, परातीत कुंकवाचं पानी. मी सकाळीच सारवलं होतं, जमीन अजून नरम होती. तिनं माप लवंडलं, परातीत पाय बुडवला अन् पडवीत टाकला. मंग दुसरा. मंग टाइलीवर गेली, तं तंबाखूच्या टाइलीवर काही दिसलंच नाई, पांढरीवर उमटले ते वैजयंतीनं त्याच टायमाले पोछा मारून पुसले, डाग पडते म्हने.

बेबीबाईचं सांगाचं राह्यलं. दोन महिने दार उघडं ठेवून लक्ष्मी काही आली नाई, भटके कुत्रे आले अन् भाकरीचं टोपलं नेलं. तिनं आता टाइल बसवली, अन् पुढच्या दाराले आमच्यापेक्षा मोठं कुलूप लावलं. नथ्थूजीनं आमचं कुलूप पाहून दिशा बरोबर म्हनलं हे गावभर झालं ना. आता आमच्या गल्लीत पुढचं दार कोनी उघडत नाई. सागवानी दारं, त्यावर गनपती कोरलेले, अन् सारी गल्ली शेनातून घरात शिरते. मतं मांगनारे आले होते, साऱ्या कुलपायले हात जोडून गेले. पोस्टमन म्हंते, आजी, मी पत्र टाकू कुठं? मी म्हनलं, म्हशीच्या गव्हानीत टाक, ते वाचत नाई.

आमच्या घरातल्या चारी टाइलीवर पोते अन् पुठ्ठे आंथरले हायत, खराब होऊ नये म्हनून. कोनी पाहाले आलं की वैजयंती कोपरा उचलून दाखवते. सारे जन बसतात कुठं? माह्या पडवीत. नानाजी तं तिथून हालतच नाईत. तंबाखूचा डाग सारवनात सोभून दिसते म्हनतात.

अन् नथ्थूजी, तुमी नोका इचारू, पन आयका. तुमची पोरगी परवा सकाळी माह्या आंधी उठली. पाहतो तं पडवी सारवून राह्यली, कोपरापर्यंत शेन, अन् तोंडावर अशी खुशी. तुमी म्हनले होते, आमची पोरगी सारवनार नाई. मी तिले सांगितलं नाई, वैजयंतीनं नाई, पवन तं नोको म्हनतच होता. तिनं सारी पडवी सारवली, फक्त लग्नाच्या दिवशीचे ते दोन पाय राहू देल्ले, त्यायच्या भोवतालून हात फिरवला. नरम जमिनीत रुतले होते, आता सुकून पक्के झाले, कुंकू मुरलं. वैजयंती म्हंते, धब्बे दिसतात, बुजवा. मी म्हनलं, हात लावून पाह्य.

असा नमुना वाशीमच्या दुकानात नाई. बोटं घराच्या आत हायत. यावेळी मी दोन्ही दारात उभी राहून पाह्यलं.

तुमची
पंचफुला